मातेच्या दिवसांतले टाको

मुलीचा दहावा वाढदिवस तोंडावर आला आणि तिला माता आली. डॉक्टर कांजिण्या म्हणाले, सासूबाई माता म्हणाल्या, आणि घर अर्थातच सासूबाईंच्या शब्दावर चाललं. आम्ही जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहतो, त्या एकोडीला शेतावर. फोनवर कळलं तशा पहिल्या एसटीने आल्या. दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचला, सगळ्यांच्या चपला बाहेर काढायला लावल्या आणि माझी लोखंडी कढई घासून, पुसून, उलटी करून माळ्यावर ठेवून दिली.

"माता घरात हाय तोपर्यंत फोडणी नाही, तळण नाही," त्या म्हणाल्या. "तेल कडकडलं का लेकराच्या आंगाची आग होते."

मी ऐकून घेणाऱ्यातली नाही. नवऱ्याच्या मते माझ्या जिभेला हाड नाही आणि त्याच्या आईच्या मते माझ्या डोक्यावर झाकण नाही. पण त्या दिवशी मी गप्प बसले. अंगभर फोड आलेल्या लेकराशेजारी उभं राहून कोण भांडणार?

बिनफोडणीचं वरण, मऊ भात, ताक. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. पोरीने दोन दिवस कसंबसं खाल्लं, मग ताट सरकवायला लागली. ताप उतरला होता, फोडांवर खपल्या धरायला लागल्या होत्या, पण खाण्यावरची तिची वासना उडाली ती उडालीच. सासूबाई घास घेऊन मागे फिरायच्या, ती तोंड भिंतीकडे करायची. तिचं मनगट काडीसारखं झालं होतं.

वाढदिवसाचा बेत तिने केव्हाच ठरवला होता. टेक्सासमधल्या कुठल्याशा बाईचा टाको करण्याचा व्हिडिओ तिला सापडला होता. मक्याच्या पातळ पोळीत सारण भरायचं, बोटाएवढी घट्ट गुंडाळी करायची आणि कुरकुरीत तळायची. ती बाई शेवटी टाको माइकजवळ धरून मोडायची. तो कडकन आवाज माझ्या पोरीने इतक्यांदा ऐकला होता की मला झोपेतही ऐकू यायचा. क्वार्टरमधल्या मैत्रिणींना आमंत्रणं देऊन झाली होती. आता आमच्या दारावरचा डहाळा बघूनच लोक वळून जात होते.

वाढदिवसाच्या सकाळी ती म्हणाली, "मम्मी, मैत्रिणी नाही आल्या तं चालते. टाको तं करशीन ना?"

सासूबाई रोज सकाळी शीतलामातेच्या देवळात पाणी घालायला जात. नवरा ड्यूटीवर गेला होता. त्या तांब्या घेऊन फाटकाबाहेर पडल्या आणि मी माळ्यावरून कढई उतरवली.

मक्याचं पीठ मी वाढदिवसासाठी आधीच दळून आणलं होतं. चक्कीवाल्याने तेव्हा कटकट केली होती, इथे तांदूळ-गहू दळायचे, हे पिवळं कोण खातं म्हणून. गरम पाण्यात पीठ मळलं, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये पातळ लाटलं, तव्यावर अर्धवट भाजलं. पहिल्या दोन पोळ्या गुंडाळताना मधोमध फाटल्या. मग डोकं चालवलं, उरलेल्या पिठात मूठभर कणीक मिसळली आणि भाजलेली पोळी ओल्या फडक्यात झाकून ठेवली. गरम आहे तोवर मऊ राहते, गार झाली की तडकते. आत उकडलेला बटाटा, किसलेलं चीज, जिरेपूड. आपली सांबारवडीच म्हणा ना, फक्त सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जागी बटाटा. टोकाला टूथपिक खोचली आणि गुंडाळी जोड खाली करून तेलात सोडली.

खिडक्या लावून घेतल्या होत्या, तरी स्वयंपाकघर त्या वासाने भरून गेलं. खरं सांगते, मला भीतीबिती वाटली नाही. उलट किती दिवसांनी आपलं घर आपलं वाटलं.

पोरीने पहिला टाको कानाजवळ नेऊन मोडला. हसली. मग खाल्ला, आणि दुसरा मागितला, आणि दह्यात बुडवून तिसरा. मी तिच्यासमोर जमिनीवर बसून नुसती बघत राहिले. आपलं लेकरू खातंय हे बघण्यात काय सुख असतं, ते लेकरू उपाशी राहिल्याशिवाय कळत नाही.

तेवढ्यात सासूबाई दारात.

"कायचा वास येऊन राहिला?"

"टाको तळले. तिचा वाढदिवस हाय."

"कढई चढवली?"

"चढवली. पोरगी खाऊन नव्हती राहिली, आई. तुमच्या मातेले लेकरू उपाशी चालते का?"

त्यांनी देवळातून आणलेलं पाणी पोरीवर शिंपडलं. कढई गरम होती, ती पदराने धरून मोरीत नेली, घासली आणि पुन्हा माळ्यावर उलटी ठेवली. मला वाटलं, जिंकले.

संध्याकाळी पोर फणफणली. अंग असं तापलं की हात ठेववेना. मांडीवरचे खाजवलेले फोड सुजून लाल झाले, त्यांतून पू यायला लागला. बडबडायला लागली तसा नवरा कुणाची तरी गाडी घेऊन आला आणि आम्ही तिला भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावलं. खाजवल्यामुळे जखमांत जंतू गेले, ते पसरू नयेत म्हणून इंजेक्शनं देतो, पुढचा दिवस नीट गेला पाहिजे, असं म्हणाले.

"तळलेलं खाल्ल्याने तर नाही ना?" मी विचारलं.

"खाण्याचा काही संबंध नाही."

थोड्या वेळाने त्यांना गाठून मी पुन्हा तेच विचारलं. मग नर्सला विचारलं. मी बी.एस्सी. झालेली बाई. मातेला तेलाचा वास चालत नाही म्हटलं की मला हसू यायचं. तळलं त्यात माझं काही चुकलं नाही, हे मी आजही म्हणते. पण त्या पलंगाशेजारी उभी राहून मी मनातल्या मनात कुणाची तरी माफी मागत होते. कुणाची, ते मला सांगता येत नाही.

सासूबाई बाकावर बसून होत्या. "मी म्हणलं होतं" हे त्यांचं वाक्य मी ऐकायला तयार होते, उत्तरही तयार होतं. त्यांनी ते वाक्य म्हटलंच नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

सकाळी कोंढ्याहून नणंद डबा घेऊन आली. पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न आईला विचारला, "घरी काही तळलं-बिळलं तं नाही ना?"

मी मान खाली घातली.

"नाही वो," सासूबाई म्हणाल्या. "कढई माळ्यावरच हाय."

त्यांच्या लेखी माता त्याच खोलीत, पोरीच्या उशाशी बसलेली होती. तिच्यासमोर त्या खोटं बोलल्या. नणंद चहा आणायला गेली तशी मी जवळ सरकले.

"खोटं काहून बोलल्या, आई?"

"तिले सांगून काय करू? जिले सांगाचं तिले सांगलं."

"काय सांगलं?"

पोरीच्या पायावरचं पांघरूण सारखं करत त्या म्हणाल्या, "म्हणलं, माये, सून तापट हाय, पण मनाची वाईट नाही. जे काय असन ते माह्यावर टाक, लेकराले सोड. जनमभर तळलेलं तोंडात घालणार नाही मी."

दुपारनंतर ताप उतरला. इंजेक्शन लागू पडलं, डॉक्टर म्हणाले. मलाही तसंच वाटतं. वाटायलाच हवं.

पोरगी आता ठणठणीत आहे, अंगावर दोन-तीन वण तेवढे राहिले. सासूबाईंनी शब्द पाळला. हिवाळ्यात आल्या की अजूनही आमच्यासाठी सांबारवड्या तळतात, मीठ बरोबर आहे का ते मला चाखायला लावतात, आणि स्वतः भाकर-वरण घेऊन बसतात. मला राग येतो. आई, विज्ञान आहे, औषध आहे, तुमच्या न खाण्याने काही होत नाही, हे सगळं मी मनात किती वेळा बोलले असेन.

गेल्या महिन्यात सासूबाई आल्या असताना पोरीने पुन्हा टाको करायला लावले. मैत्रिणी आल्या, घरभर कुरुमकुरुम झालं. मैत्रिणी गेल्यावर शेवटचा टाको घेऊन ती आजीच्या गळ्यात पडली. "आजी, एकच! माह्या हातानं!" सासूबाई आधी मान हलवत होत्या, मग हसायला लागल्या. नातीसमोर त्यांचं कधी काही चालत नाही. टाको त्यांच्या ओठांशी गेला.

मी धावत जाऊन पोरीचा हात धरला. इतका घट्ट की ती कळवळली.

"नको," मी म्हणाले. "आजीले नको देऊ."