राठोड सरांचं नाक

राठोड सरांच्या प्रयोगशाळेत शिरायचं म्हणजे आधी त्यांच्या नाकाखालून जावं लागे. सर दारात आडवे उभे राहत, एक लांब श्वास ओढत आणि नुसते बघत. समोरचा गडबडून आपणच बोलून जाई, "सर, सकाळी खोबरेल लावलंय." लगेच त्याची पाठवणी नळावर. वसमतच्या त्याच कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायची, पण मलाही सूट नव्हती. माझा गजरा बाहेरच्या खिळ्यावर लटकायचा. रागच यायचा मला त्या नाकाचा.

हा सगळा सोवळेपणा एका काचपट्टीसाठी होता. सरांनी विजेच्या भट्टीत झिंक ऑक्साइडची पूड केली होती, कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसूही नयेत. त्या नॅनो पुडीचा थर पट्टीवर द्यायचा आणि पट्टी तापवायची. हवेत ॲसिटोनसारख्या उडून जाणाऱ्या द्रवाची जराशी वाफ आली, तरी मीटरचा काटा चढायचा. "नाकावर भरवसा न्हाई ठेवायचा मॅडम," सर म्हणत. "नाकाला सवय लागते. माझ्या लेकराला लागत न्हाई." लेकरू म्हणजे ती पट्टी. तांड्यावरून शिकत आलेल्या या माणसानं निवृत्तीच्या तोंडावर पीएच.डी.चा प्रबंध दिला होता आणि सगळी मदार त्या लेकरावर होती.

परीक्षकांना पट्टीचं काम प्रत्यक्ष पाहायचं होतं. ते आले नेमके हळद शिजवण्याच्या दिवसांत. गावभर हळदीच्या कढयांचा वास कोंदलेला. सरांनी मीटर लावला. आधी साधी हवा दाखवायची, काटा शून्याशी थांबला की मग ॲसिटोनचा थेंब. पण थेंब सोडायच्या आधीच काटा चढायला लागला.

परीक्षकांच्या कपाळाला आठी पडली. प्राचार्य घाईघाईनं म्हणाले, "हळदीचा वास लागून राहिला असंल. काटा शून्यावर घ्या की राठोड, पाहुणे ताटकळले."

मीटरला तसं बटण होतं. जरासं फिरवलं की काम झालं असतं. सरांचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. फिरवा ना सर, मी मनात म्हणत होते, इतक्या वर्षांची मेहनत आहे तुमची.

"हळदीचे दिवस लेकरानं आधीबी पाहिलेत," सर हळूच म्हणाले. "असं कधी केलं न्हाई त्यानं." मग त्यांचा आवाज चढला. "समदे बाहेर व्हा! आत्ता!"

परीक्षकांना त्यांनी दंडाला धरून बाहेर काढलं. व्हरांड्यातला मेन स्विच पाडला. ॲसिटोनचा साठा शेजारच्या सामानाच्या खोलीत असायचा; मी तिचं बाहेरचं दार उघडलं. ॲसिटोनचा कॅन तळाशी चिरला होता आणि ओघळ भिंतीतल्या दाराच्या फटीकडे निघाला होता. त्या दारापलीकडे, प्रयोगशाळेच्या फरशीवर, सरांची भट्टी लालभडक तापलेली होती. ॲसिटोनची वाफ जड, जमिनीलगत सरपटत जाते. ती भट्टीपर्यंत पोचली असती तर आम्ही कुणीच उरलो नसतो.

आवारातल्या लिंबाखाली परीक्षक एका मोडक्या खुर्चीवर टेकले. मग म्हणाले, "हळदीच्या वासात आम्हा कुणालाच ॲसिटोनचा वास आला नाही. तुम्हाला आला?"

"मला कसलाच वास येत न्हाई साहेब," सर म्हणाले. "ल्हान असताना मोठा ताप आला व्हता. तवापासून नाक मेलेलं हाय."

मी उडालेच. "मग दारात आमचा वास कसला घेत होता?"

"म्या कुठं घेत व्हतो?" सर खुदकन हसले. "नुसता थांबत व्हतो. तुमीच सांगत व्हता."

परीक्षकांनी तिथंच बसून उरलेले प्रश्न विचारले आणि जाताना सरांना 'डॉक्टर राठोड' म्हणून हाक मारली. सर त्या दिवशी पहिल्यांदा रडताना दिसले.

पुढं काही वर्षांनी सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी केसांना तेल लावत होते. त्यांना वास येत नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी केस धुतले आणि मगच त्यांच्या दारात गेले.