धुक्यातला एकोणतीसचा पाढा

समस्त पुणेकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की ज्यांना एकोणतीसचा पाढा येत नाही त्यांनी हिमनदीच्या पाण्यात होडी घालू नये.

हुकूम माझा नाही. बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांतून जे गृहस्थ आम्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना थेट अलास्काच्या किनाऱ्यावर कयाक चालवायला नेत, त्यांचा. आम्ही त्यांना सर म्हणायचो. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, हे फार तर सारसबागेपर्यंत नेतील!

कयाक म्हणजे शेवग्याच्या शेंगेसारखी अरुंद होडी. ती चालवायला सरांनी खडकवासल्याच्या पाण्यात चार-दोन सकाळींत शिकवलं. पाढा मात्र महिनाभर घोकून घेतला. पहिली ओळ त्यांची, मग एकेका होडीनं पुढची म्हणायची, शेवटची होडी झाली की पुन्हा सर.

"धुक्यात डोळ्यांचा उपयोग नाही, मंडळी. ओळ आली नाही की होडी हरवली."

"शिट्टी नाही का चालणार?" मी विचारलं.

"शिट्टी कोणीही फुंकेल. डोकं ठिकाणावर आहे का, ते पाढ्यातच कळतं."

"मग बेचा तरी घ्या हो, सर," माझी बायको कळवळली.

"बेचा म्हणताना घाबरायला वेळ उरतो, वहिनी."

खोलीत एक फोटो होता. दोन तरुण, एक कयाक. त्यातले एक सर. दुसरा त्यांचा मित्र. दोघांनी मिळून या सहली सुरू केल्या होत्या. एकदा धुक्यात "पुढचा रस्ता बघून येतो" म्हणून मित्र एकटा गेला, तो आलाच नाही. होडीही सापडली नाही. पाढ्याची सक्ती त्यानंतरची. आणि दरवर्षी त्याच पाण्यात जाण्याचा हट्टही.

आता तुम्ही माझ्या होडीत बसा. हलू नका.

हिमनदीच्या तोंडाशी पाणी दुधाळ असतं. बर्फाचे तुकडे तरंगताना सतत तडतडतात, कारण आत कोंडलेली हवा सुटत असते. सील डोकं वर काढून, पेठेतल्या खिडकीतून अनोळखी पाहुण्याला न्याहाळावं तसे आपल्याला न्याहाळतात आणि आवाज न करता बुडतात. आमच्या तीन होड्या आणि सरांची चौथी. बघता बघता धुकं उतरलं आणि आमच्या होडीत पुढे बसलेल्या बायकोच्या पलीकडचं मला सगळं पुसट दिसू लागलं.

सरांनी पाढा सुरू केला. दुसरी ओळ आली, तिसरी आली. "एकोणतीस चोक एकशे सोळा!" मी खणखणीत ओरडलो. पाचवी ओळ सरांची.

"एकोणतीस पाचे एकशे पंचेचाळीस."

स्वच्छ, शांत, पुणेरी आवाज. फक्त तो समोरून, दूर पाण्यावरून आला होता. आणि सर माझ्या उजव्या हाताला, वल्ह्याच्या अंतरावर होते. त्यांचे ओठ मिटलेले होते.

"प्रतिध्वनी असेल हो," बायको पुटपुटली.

"अगं, प्रतिध्वनी आपलंच आपल्याला परत देतो. पुढची ओळ कुठून आणेल?"

सहावी ओळ आली. आणखी लांबून.

सरांनी होडीचं तोंड हळूच त्या आवाजाकडे वळवलं. मागे भरतीबरोबर बर्फ आत सरकत होता, किनाऱ्याकडची मोकळी वाट अरुंद होत होती. सर जिकडे जातील तिकडे आम्हीही मुकाट्यानं जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वल्हं पाण्यावर अधांतरी धरून ते थांबले.

"सर," बायको म्हणाली, "आम्हाला रस्ता येत नाही हो."

बराच वेळ नुसती तडतड. मग वल्हं पाण्यात शिरल्याचा आवाज.

"मंडळी, माझ्या मागे. किनाऱ्याकडे." त्यांचा आवाज फाटला होता. "पाढा पहिल्यापासून."

आम्ही आमचा पाढा म्हणत निघालो. पाठीमागे तो आवाज आपला पाढा एकटाच म्हणत राहिला. दोनशे नव्वदला पोचला आणि थांबला.

किनाऱ्यावर सरांनी सगळ्यांना थर्मासमधला चहा दिला. स्वतःचा कप हातात धरून धुक्याकडे बघत बसले. साय धरली तरी प्यायले नाहीत.

पुढच्या हंगामात आम्ही नाव नोंदवायला गेलो, तर म्हणाले, "या खेपेला कोणी नको." एकटेच गेले. तिथल्या लोकांनी खूप शोधलं. पण ना सर मिळाले, ना होडी.

गिरणीवरच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. खाली गिरणी घरघरत होती. कोणीतरी हार आणला होता. शेजारचे आजोबा तो हातात घेऊन डोळे पुसत म्हणाले, "एवढ्या गारठ्यात, बिचारा एकटा जीव, कुठे भरकटला असेल!"

बायकोनं त्यांच्या हातातला हार काढून घेतला आणि भरल्या खोलीत फटकन बोलून गेली, "एकटे कशाला? आता दोघं आहेत ना!"