एकतीस मिलिमीटर

“जमीन खोटं बोलत नाही, बघणारा चुकतो.” सदानंद हे रोज म्हणायचा. चहा पिताना, जमिनीची उंची मोजायच्या लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावताना, माझी पिकअप वाळूत रुतली तरीसुद्धा. चौदा वर्षं त्यानं अमिरातीची जमीन मोजली. त्यातली सहा वर्षं मी त्याची गाडी चालवली.

२००३ साली आखाती देशांना जोडणाऱ्या वेगवान रेल्वेचा आराखडा सुरू झाला. रूळ एकही नव्हता, होत्या फक्त आमच्या खुंट्या. अबुधाबीच्या पश्चिमेला खारट चिखलाचं सपाट रान आहे, सबखा म्हणतात. तिथून सीमेपर्यंतचे चाळीस किलोमीटर सदानंदच्या वाट्याला आले. पलीकडच्या देशाची मोजणीची पार्टी तिकडून मोजत येणार, आणि सीमेवरच्या एका खांबावर दोघांची उंची जुळायला हवी होती.

“ताशी तीनशेनं जाणारी गाडी,” तो म्हणायचा, “तिला नखाएवढी पायरी सोसायची नाही.”

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं पहिल्या खुणेचा पितळी बोल्ट काँक्रीटमध्ये बसवला आणि उंची मोजून वहीत लिहिली. पुढच्या सगळ्या उंच्या त्या आकड्यावरून धरायच्या होत्या. सकाळी मोजणीची पट्टी धरणाऱ्या राजननं उदबत्ती लावली. सदानंदनं बोल्टला हळदकुंकू वाहिलं आणि त्याच्यावरच नारळ फोडला. एरवी तो शेजारच्या दगडावर फोडायचा. त्या रानात दगडच नव्हता. नारळ एका फटक्यात फुटला. आम्ही तिघांनी खोबरं खाल्लं आणि कामाला लागलो.

तीन आठवड्यांनी सीमेवर पोचलो. दोन देशांचे इंजिनिअर खांबाशी उभे होते. आमची उंची आणि त्यांची उंची जुळेना. फरक एकतीस मिलिमीटर. ते उन्हात उभे राहून परत गेले.

सदानंद उलटा पहिल्या बोल्टपाशी आला, पुन्हा मोजलं आणि तिथंच मांडी घालून बसला. दसऱ्याच्या सकाळी काँक्रीट वरून सुकलेलं, आतून ओलं होतं. नारळाच्या घावानं बोल्ट एकतीस मिलिमीटर खचला होता.

राजन म्हणाला, “साब, चालीस किलोमीटर में थोड़ा-थोड़ा बाँट दो. किसको पता चलेगा?”

उम्म अल कुवैनला त्याची बायको विभावरी आणि मुलगी इशिता राहत. इशिताची दहावी होती, परीक्षा मार्चमध्ये. दोघींचा व्हिसा सदानंदच्या नोकरीवर. नोकरी गेली की महिन्याभरात देश सोडायचा.

त्यानं घरी फोन लावला. विभावरीवहिनींचा आवाज मला गाडीत ऐकू येत होता. “वाटून टाका हो! एकदाच. आजवर मी काय मागितलं तुमच्याकडं?”

फोन ठेवून त्यानं वही उघडली. मग लिहिलं: बोल्टवर नारळ फोडला, बोल्ट खचला. रिपोर्टही तसाच ऑफिसला पाठवला.

दोन दिवसांनी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या ऑफिसात बोलावणं आलं. विभावरीवहिनी हट्टानं बरोबर आल्या. इशिताही शाळेच्या कपड्यांत आली. दोघी पिकअपमध्ये बसल्या. मी लेव्हलची पेटी घेऊन आत गेलो, दाराशी थांबलो.

मॅनेजर शैलेंद्रसाहेब पुण्याचे. “सदानंद, रिपोर्टमध्ये नारळ लिहिलास? क्लायंटला काय सांगू, आमची रेल्वे नवसाची आहे?”

“सर, सगळ्या उंच्यांतून एकतीस वजा केले की जुळतं. तासाचं काम आहे.”

“आकडा जुळेल रे. पण दोन देशांची माणसं ताटकळली, त्याला एक नाव हवंय. तूच लिहून दिलंस. व्हिसा कॅन्सल. खलास.”

“मार्चपर्यंत ठेवा, सर. पोरीची दहावी आहे. पट्टी धरायला ठेवा, गाड्या धुवायला ठेवा.” त्यानं टेबलाची कड धरली होती. “मी पाया पडतो.”

“बघतो. इन्शाल्ला.”

त्या स्वरातला इन्शाल्ला म्हणजे नकार, हे इथं चौदा वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

सदानंद बाहेर पडला. मी मागून. वहिनी दार उघडून उतरल्या. तो त्यांच्या हाताच्या अंतरावरून गेला, पण थांबला नाही. कारखान्यांच्या कुंपणाकडेनं, ट्रकांच्या धुळीत, बसचा थांबाही नसलेल्या दिशेनं चालत राहिला.

“काका, व्हेअर इज बाबा गोइंग?” इशितानं विचारलं.

वहिनी तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. ट्रक आडवा येऊन तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही तिघं बघत राहिलो.