सगळे बिल्ले खिळ्यावर

धावपट्टी रिकामी आहे, हे तुम्ही कशावरून ओळखाल? नजर टाकून? मग आमच्या बुऱ्हाणपूरच्या काकांशी तुमची गाठ पडलेली नाही. "डोळ्याचं मले सांगू नको. खिळे मोज," ते म्हणायचे.

पेपर मिलमधून निवृत्त झाल्यावर काका शहराबाहेरच्या लहानशा हवाई पट्टीवर राखणीला लागले. तिथं शिकाऊ वैमानिकांची विमानं उतरत. पट्टीच्या कडेचं गवत गावकऱ्यांना कापून न्यायची मुभा होती, म्हणून ट्रॅक्टरही येत. मिलमध्ये यंत्राच्या आत शिरणारा कामगार फळीवरचा पितळी बिल्ला बरोबर नेई आणि तो परत आल्याशिवाय यंत्र सुरू होत नसे. काकांनी तीच रीत इथं आणली. फाटकाजवळ फळी, बारा खिळे, बारा बिल्ले; आत जाणाऱ्यानं एक न्यायचा, बाहेर येताना परत टांगायचा. सगळे खिळे भरले की मगच ते वायरलेसवर सांगत, "पट्टी मोकळी."

एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "मी पाच मिनिटांत येतो."

"पाच मिनिटांसाठी बी बिल्ला लागते साहेब," म्हणत काकांनी तो त्यांच्या गळ्यात घातला.

मी तेव्हा पत्रकं काढायचो. बारा बिल्ले संपले की गवतासाठी माणसं रांगेत उभी राहतात, हे मला सहन होईना. 'एका घराला एकच बिल्ला पुरे!' असं पत्रक मी शहरातल्या लोधीपुऱ्यापासून पट्टीलगतच्या वस्तीपर्यंत वाटलं. लोकांनी काकांना घेरलं. "लिहितो तर झकास रे तू," काका म्हणाले, आणि नमले.

पंधरा दिवसांत दोन भाऊ एका बिल्ल्यावर दोन ट्रॅक्टर घेऊन आत गेले. थोरला आधी बाहेर आला, बिल्ला टांगून चहाला बसला. खिळे भरले. काकांनी "पट्टी मोकळी" सांगितलं. विमान खाली येऊ लागलं, तेव्हा त्यांची नजर थोरल्यावर गेली.

"धाकटा कुठी आहे रे?"

"येतोय ना पीछे. एकच घर आहे आमचं, काका."

"उतरू नका! वर घ्या!" काका वायरलेसवर ओरडले.

उंच गवतातून ट्रॅक्टर पट्टीवर चढला आणि त्याच्या डोक्यावरून विमान वर गेलं. ट्रॉलीतल्या पेंढ्या उडाल्या. धाकटा खाली उतरला आणि पेंढ्याच गोळा करू लागला.

काकांनी कुणाला शिवी दिली नाही. अहवालात 'चूक माझी' एवढंच लिहिलं. मी म्हणालो, "काका, पत्रक माझं होतं."

"पत्रकानं नाही बोललं वायरलेसवर, भाऊ. मी बोललो."

मग माझंच पत्रक उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहिलं, 'जितक्या गाड्या, तितके बिल्ले', आणि ते फळीवर चिकटवलं.

काका गेल्या वर्षी वारले. नवा राखणदार हात हलवून गाड्या सोडतो. खिळ्यांना जेवणाचे डबे टांगलेले असतात.

यंदा गवताला जाल, तेव्हा बिल्ला मागून घ्या. गाडीगणिक वेगळा. नाही मिळाला तर इंजिन बंद करून फाटकाबाहेर थांबा. रांग लागली तर मला बोलवा. रांगेत मीही उभा राहीन.