तोळोबाचा संशय

मी व्यवस्थापक असलेल्या गोदामातले वजनकाटे तपासायला वर्षातून दोनदा एक कारागीर येतो. त्याला सगळे तोळोबा म्हणतात. रिकाम्या काट्यावरही त्याचा विश्वास नसतो. आधी तो फुंकर मारतो, मग स्वतःच्या पेटीतली वजनं ठेवतो आणि तीच वजनं जागा बदलून पुन्हा ठेवून पाहतो.

दुसऱ्या मुलीच्या वेळी बायको मरता मरता वाचली, तेव्हा त्याने नसबंदी करून घेतली. पुढे तीस वर्षे त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. परवा मात्र काटा उघडाच टाकून तो माझ्यासमोर येऊन बसला आणि खिशातून वर्तमानपत्राचा कपटा काढला. नसबंदी केलेल्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग जास्त आढळतो, असं त्यात होतं.

"साहेब, धाकटे जावई सोमवारी तेच करून घेणार आहेत. पोरीची दोन्ही बाळंतपणं जिवावर बेतलेली. तिसरं झालं तर ती वाचायची नाही, असं डॉक्टर म्हणतात. आणि मी काल जावयांना सांगून बसलो, थांबा म्हणून!"

"पोरगी काय म्हणाली?"

"बोलायचीच बंद झालीय."

त्याने आपल्या डॉक्टरांनाही गाठलं होतं. मोठ्या पाहण्यांत फरक फारच थोडा दिसतो किंवा दिसतच नाही, असं ते म्हणाले. शिवाय नसबंदी केलेली माणसं तपासण्या जास्त करून घेतात, म्हणून रोग सापडतोही जास्त.

"सारवासारव आहे ही, साहेब. मला गुंडाळतायत."

"तोळोबा, गेल्या खेपेला चुकणारे काटे सर्वांत जास्त कुठे सापडले?"

"तुमच्याकडेच की. नऊ."

"आणि पलीकडच्या भंगारवाल्याकडे?"

"तो मला दारात उभं करत नाही. सापडणार कसे?"

"म्हणजे त्याचे काटे खरे?"

"त्याचे?" तोळोबा खो खो हसला आणि मध्येच थांबला. कपटा उलटसुलट करून पाहत राहिला.

"तरी डॉक्टर साफ नाही म्हणत नाहीत हं. फारच थोडा म्हणतात."

"तुमचा काटा शून्यावर कधी केसभर हलत नाही?"

"हलतो ना."

"मग लगेच मोडीत काढता?"

त्याने फोन लावला. "जावईबापू, सोमवारचं करून घ्या. मी चुकलो. पोरीला सांगा तसं." पलीकडचं ऐकताना त्याच्या कपाळावर पुन्हा आठी चढली.

"जातो म्हणताय, पण नक्की ना? राहू द्या. मीच येतो बरोबर."