पट्ट्याला जाळी
सरकीचा कोंदट वास आला की मला वसमतची जिनिंग आठवते. निजामाचं राज्य होतं आणि मी तिथं कारकून होतो. एका सकाळी कारखान्यांचा नवा कायदा उर्दूत छापून आला आणि मालकांनी तो मला मजुरांना मराठीत वाचून दाखवायला सांगितला. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. यंत्राच्या फिरत्या पट्ट्याला जाळी पाहिजेच, असं मी वाचलं तेव्हा समोरची एक बाई उठली. आदल्या हंगामात त्याच पट्ट्यानं तिचा उजवा हात कोपरापासून नेला होता. "ह्यो कायदा कुनी केला, साहेब?" "दूरदूरच्या देशांनी मिळून ठरवला, बाई. आता आपल्या सरकारनंही मानला." "म्हंजी तिकडंबी बायांचे हात गेले," ती म्हणाली. मग तिनं आपल्या सुनेला यंत्रापासून उठवून बाहेर अंगणात नेऊन बसवलं. "जाळी लागंपर्यंत ही आत येनार न्हाई." एकेक करत सगळ्या बाया तिच्याशेजारी जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी जाळी बसली. तिच्या अपघाताच्या नोंदीत मात्र 'बाईचा निष्काळजीपणा' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ती ओळ मी कधी खोडली नाही, आणि आज म्हातारपणी तेच मला सलतं.