काळी पडलेली कड

मुलीने मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू केली, तेव्हा चार ओळखीच्यांना फोन करून मी अकरा पुस्तकांची यादी बनवली. तेवढं मुलीला विचारायचं राहून गेलं. मग तिला घेऊन द्वारका सर्कलजवळच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर गेलो.

गाड्यावरच्या मावशींनी माझ्याकडून नावं ऐकून पुस्तकं काढली, पण एकही उघडलं नाही. प्रत्येक पुस्तक आडवं धरायचं, पानांच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवायचं, असं त्यांचं चाललं होतं.

"मला इंग्रजी नाय येत, पुस्तकं कव्हरावरनं ओळखते," त्या म्हणाल्या. "पण पोरं जिथवर वाचतात ना, तिथवर कड काळी पडती. हे बघा, बोटभर पानं काळी, पुढं सगळं कोरं. असली जाड पुस्तकं पप्पा लोकच घेतात."

इतका वेळ मोबाइलमध्ये असलेली मुलगी हसली. मी यादी खिशात घातली आणि शेवटपर्यंत काळी कड असलेली तीन पुस्तकं घेतली.

परीक्षा झाल्यावर पुस्तकं विकायला पुन्हा त्यांच्याकडेच गेलो. ती तीन होती, शिवाय मला राहवलं नाही म्हणून नंतर नवी आणलेली दोन जाडजूडही होती. मावशींनी पाचही आडवी धरून अंगठा फिरवला. मग दोन बाजूला काढली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"ही तुमची ना?"